सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) असताना प्लॅन दुसऱ्या आर्किटेक्टकडून तपासून घ्यावेत का?

मुंबईपुरतं बोलतो. हो, घ्याच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या गाइडलाइन्सप्रमाणे (२००९ चा जीआर, मग २०१९ ला सुधारित) पीएमसी सोसायटीच नेमते, पण फिजिबिलिटी, टेंडर, देखरेख सगळं त्याच्याकडेच, त्यामुळे स्वतःच पुढे नेलेल्या प्रोजेक्टचं डिझाईन तो कितीसं झोडपणार? आणि पालिका मंजूर करते म्हणजे प्लॅन नियमात बसतो एवढंच, बाजूची मोकळी जागा कमी पडली तर पालिकेला प्रीमियम (जादा शुल्क) भरून सवलत मिळते, म्हणजे तुमच्या किचनच्या खिडकीसमोर शेजारच्या टॉवरची भिंत येऊ शकते आणि कागदावर सगळं एकदम ओके.

म्हणून ज्याचा बिल्डरशी आणि पीएमसीशी काही संबंध नाही असा आर्किटेक्ट घ्या, फी सोसायटीने द्या (बिल्डरने दिली तर काय उपयोग!), आणि रिपोर्ट लेखी, जनरल बॉडीसमोर. चटईक्षेत्र किती वाढलं यातच लोक अडकतात, त्यापेक्षा उजेड-हवा, लिफ्ट किती, फायर इंजिन आत वळतं का, मेकॅनिकल पार्किंगचा मेंटेनन्स नंतर कोण भरणार हे त्या आर्किटेक्टला तपासायला सांगा.

हे सगळं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटवर सह्या व्हायच्या आधी, आणि तपासलेले प्लॅन ॲग्रीमेंटला जोडून.