प्रोब चमकला, म्हणजे प्रथिनाची घडी बसली का?

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. प्रथिनांची घडी (साखळी दुमडून तिला कामाचा आकार येणे) बसवण्यास मदत करणारी जनुके शोधण्यासाठी फ्लुओरोसंट डीएनए प्रोब वापरतात, असे आम्हांला शिकवले आहे. ४२ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या मानवी पेशींत एचएसपी७० या, उष्णतेत घड्या सांभाळणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा प्रोब चमकला, तर तेथे बिघडलेल्या घड्या दुरुस्त होत आहेत असे म्हणता येईल का? प्रोब निवडताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : नाही, एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. प्रोब हा डीएनएचा एकपदरी तुकडा असतो. त्याला पूरक असलेला क्रम नमुन्यात सापडला की तो तेथे जोडला जातो आणि त्याला लावलेल्या रंजकद्रव्यामुळे ती जागा उजळते. म्हणजे त्याला कळतो तो डीएनएचा किंवा आरएनएचा क्रम. प्रथिनच जेथे कळत नाही, तेथे त्याची घडी कळण्याचा प्रश्नच येत नाही.

त्यातही प्रोब कशाला चिकटला आहे, हे आधी पाहायला हवे. ‘फिश’ चाचणीत, म्हणजे चमकणारा प्रोब थेट गुणसूत्रांवर जोडून पाहताना, एचएसपी७० बनवणाऱ्या एचएसपीए१ए या जनुकाचे ठिपके सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर दिसतील, आणि पेशी तापवलेली असो वा नसो, ते तसेच दिसतील, कारण जनुक तर प्रत्येक पेशीत असतेच. शिवाय हे जनुक जेमतेम अडीच हजार बेसजोड्यांचे आहे. एवढ्याशा लक्ष्यावरचा उजेड मंद पडतो, म्हणून प्रत्यक्षात लाख-दीड लाख बेसजोड्यांचा प्रोब घेतात. मग त्याच्याखाली एचएसपीए१बी आणि एचएसपीए१एल ही शेजारची जनुकेही झाकली जातात. अशी चाचणी जनुकाची जागा आणि प्रतींची संख्या सांगण्यासाठी उत्तम, परंतु उष्णतेला पेशीने दिलेला प्रतिसाद तिला विचारू नये.

या विषयाचा उगमही रंगवलेल्या गुणसूत्रांतच आहे. इटलीच्या फेरुचिओ रिटोसा यांनी १९६२ साली, तापमान वाढलेल्या फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांवर नवे फुगवटे पाहिले. त्या प्रसंगी तयार होणारी प्रथिने मात्र १९७४ मध्ये टिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. मधल्या काळात, १९६९ साली, जोसेफ गॉल आणि मेरी-लू पार्ड्यू यांनी किरणोत्सारी प्रोब थेट पेशींवर जोडण्याची पद्धत दिली होती. तिच्यात छायाचित्रण-लेप उमटण्याची बराच काळ वाट पाहावी लागे. १९८१ साली बायोटिन लावलेले न्यूक्लिओटाइड (डीएनएचा सुटा घटक) आले आणि किरणोत्साराविना, रंगाने पाहण्याचा मार्ग सोपा झाला. फळमाशीत एचएसपी७०ची जनुके गुणसूत्रांच्या नकाशावरील ८७ए आणि ८७सी या जागी आहेत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला त्यांच्यापेक्षा ९३डी ही जागा अधिक बोलकी वाटते. उष्णतेने तेथेही मोठा फुगवटा येतो, आरएनए भरपूर बनतो, प्रोबही झळाळतो. पण त्या आरएनएपासून कोणतेही नेहमीचे प्रथिन तयार होत नाही. बनारस हिंदू विद्यापीठातील सुभाष लखोटिया यांनी या जनुकावर अनेक दशके काम केले आहे.

आपल्याला बहुधा संदेशवाहक आरएनए (जनुकाची प्रथिन बनवण्यासाठीची नक्कल) मोजायचा असेल. त्यासाठी त्याचा डीएनए करून रिअल-टाइम पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढत असतानाच मोजणाऱ्या चाचणीत, टॅकमॅन प्रोब वापरतात. त्याच्या एका टोकाला ‘फॅम’सारखे रंजकद्रव्य असते (ते सुमारे ४९५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून ५२० नॅनोमीटरच्या आसपास हिरवे चमकते) आणि दुसऱ्या टोकाला तो प्रकाश दाबणारा क्वेंचर. टॅक पॉलिमरेज हे विकर नवी साखळी बांधत पुढे सरकताना वाटेतला प्रोब कापत जातो, रंजकद्रव्य सुटे होते आणि उजेड वाढतो. टियागी आणि क्रेमर यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या मॉलिक्युलर बीकनमध्ये कापाकापी नसते. लक्ष्य भेटले की प्रोबची दुमड उलगडते, एवढेच.

आता काळजीविषयी. एचएसपीए१ए आणि एचएसपीए१बी यांचे प्रथिन-संकेत देणारे भाग जवळजवळ एकसारखे आहेत, त्यामुळे तेथला प्रोब दोघांना वेगळे ओळखणार नाही. ३' टोकाचा असंकेतक भाग निवडावा. दुसरी अडचण जास्त दगा देणारी आहे. या दोन्ही जनुकांत संकेतक भाग खंडित करणारे इंट्रॉन (आरएनएमधून छाटले जाणारे तुकडे) नाहीत. तीव्र उष्णतेत आरएनएची जोडणी-छाटणी अडते तेव्हा पेशीला याचा फायदाच होतो, पण आपली नेहमीची युक्ती, म्हणजे छाटणीनंतर जोडल्या जाणाऱ्या दोन तुकड्यांच्या (एक्झॉनच्या) सांध्यावर प्रोब बसवणे, येथे चालत नाही. नमुन्यात जीनोमिक डीएनएचा अंश राहिला तर तोच आरएनए म्हणून मोजला जाईल. म्हणून डीएनेज या डीएनए तोडणाऱ्या विकराची प्रक्रिया करावी आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्यासोबत चालवावी. ती नळीही लवकर उजळली तर आधीचे आकडे बाजूला ठेवावेत. उष्णतेत इतर अनेक जनुकांचे लेखन (त्यांच्यावरून आरएनए बनणे) मंदावते, तेव्हा तुलनेसाठी घेतलेले ‘स्थिर’ जनुक खरोखर स्थिर राहिले का, हेही तपासावे.

घडीच पाहायची असेल, तर पेशींत काजव्याचे ल्युसिफरेज प्रथिन बनवून घेऊन पेशी तापवतात, नवे प्रथिन बनू नये म्हणून सायक्लोहेक्झिमाइड घालतात आणि ३७ अंशांवर परत आणल्यावर ल्युसिफरेजचा प्रकाश किती परततो ते मोजतात. बिघडलेले ल्युसिफरेज चमकत नाही. त्यामुळे हा उजेड मात्र घडीविषयीच बोलतो.

प्रश्न : प्रोबच्या नळ्या फॉइलमध्ये का गुंडाळतात?
— एक प्रयोगशाळा साहाय्यक, कोल्हापूर

उत्तर : प्रकाशाने रंजकद्रव्य हळूहळू निकामी होते म्हणून. पण केवळ फॉइल पुरेशी नाही. प्रोब पुन्हापुन्हा गोठवणे-वितळवणे टाळण्यासाठी त्याचे लहान भाग करून ठेवावेत, आणि फॅमचा प्रोब नुसत्या पाण्याऐवजी पीएच ८च्या टीई बफरमध्ये विरघळवावा, कारण आम्लधर्मी द्रावात फॅमची चमक बरीच उतरते.