वाचकांचे प्रश्न : वॉचपॉइंट चुकतो की चाचणी?

प्रश्न : मी इंदूरमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागात काम करतो. जीडीबी या डीबगरचे (प्रोग्रॅममधील चुका शोधण्याच्या साधनाचे) हार्डवेअर वॉचपॉइंट, म्हणजे ठरावीक जागेतील किंमत बदलताच प्रोसेसरच्या मदतीने प्रोग्रॅम थांबवणारी सोय, तपासण्यासाठी मी एक छोटा सी प्रोग्रॅम लिहिला. त्यात दोन थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकाच सामायिक व्हेरिएबलमध्ये प्रत्येकी १० वेळा एक मिळवतात. वॉचपॉइंट लावल्यावर प्रोग्रॅम २० वेळा थांबायला हवा. पण कधी तो २०, कधी १९, तर कधी १७ वेळाच थांबतो. हा डीबगरचा दोष म्हणून नोंदवावा काय?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : एवढ्यात नोंदवू नये, कारण आपल्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारे कुलूप, म्हणजे म्यूटेक्स, कोठेही दिसत नाही. एक मिळवणे ही आपल्याला एकच क्रिया वाटली तरी प्रत्यक्षात वाचणे, वाढवणे आणि परत लिहिणे अशा तीन पायऱ्या तेथे घडतात. दोन्ही थ्रेडांनी ५ हा आकडा वाचला आणि दोघांनीही ६ लिहिला, तर लेखन दोनदा होते, बदल मात्र एकदाच होतो. प्रोसेसर दोन्ही लेखनांची वर्दी देतो. परंतु जीडीबीचा साधा वॉच जुनी आणि नवी किंमत ताडून पाहतो आणि फरक नसल्यास थांबल्याचे आपल्याला कळवतच नाही. शिवाय पहिल्या थ्रेडची वर्दी पोहोचेपर्यंत दुसऱ्याने खरोखर नवी किंमत लिहिली असेल, तर पहिल्या थांब्यावरच अंतिम आकडा दिसतो आणि दुसरा थांबा गळून पडतो.

यावर दोन उपाय आहेत. वाढवण्याची ओळ म्यूटेक्समध्ये ठेवावी. एक्स८६ प्रोसेसरवर (इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर) लेखनाची आज्ञा पूर्ण होताच सापळा लागत, म्हणजे प्रोग्रॅम थांबून डीबगरला वर्दी जात असल्यामुळे त्या क्षणी कुलूप पहिल्या थ्रेडच्याच हाती असते आणि दुसरा मध्ये लिहू शकत नाही. किंवा प्रत्येक थ्रेडला ॲरेमधील (ओळीने मांडलेल्या व्हेरिएबलांमधील) स्वतंत्र घर देऊन प्रत्येक घरावर वेगळा वॉचपॉइंट लावावा. जीडीबीच्या स्वतःच्या चाचणीसंचातही ही दुसरी पद्धत वापरलेली आहे, आणि मला तीच अधिक पसंत आहे, कारण तिच्यात ‘थांबला का’ याबरोबरच ‘योग्य थ्रेडमध्ये थांबला का’ हेही तपासता येते.

खरी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नाचीच आहे. एक्स८६ प्रोसेसरमध्ये, ८०३८६ पासून, लक्ष ठेवायच्या जागांचे पत्ते ठेवण्यासाठी चारच डीबग रजिस्टर (प्रोसेसरमधील छोटे कप्पे) आहेत. लिनक्स ही कार्यप्रणाली ती प्रत्येक थ्रेडसाठी स्वतंत्र जपते आणि थ्रेड बदलला की ज्याची त्याला मांडून देते. आपल्या इंदूरच्या सराफ्यात दिवसा दागिन्यांची पेढी चालते आणि ती बंद झाली की त्याच ओट्यापुढे रात्री खाण्याचे ठेले लागतात. जागा एकच, सामान ज्याचे त्याचे, तसेच हे आहे. म्हणून डीबगरला प्रत्येक थ्रेडमध्ये पत्ता वेगळा भरावा लागतो, आणि वॉचपॉइंट लावल्यानंतर जन्मलेल्या थ्रेडमध्ये तर तो थ्रेड आपली पहिली आज्ञा चालवण्याआधीच भरावा लागतो. वॉचपॉइंट मुख्य थ्रेडमध्ये लावून मुख्य थ्रेडनेच लिहिले, तर अशी चाचणी कितीही वेळा उत्तीर्ण झाली तरी या कामाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. थ्रेड निर्माण होण्यापूर्वी लावलेला वॉचपॉइंट आणि ते सर्व चालू असताना लावलेला वॉचपॉइंट, अशा दोन्ही स्थितींची वेगळी चाचणी लिहावी.

आणखी एक फसगत आधीच टाळावी. ६४ बिटांच्या यंत्रावर एक रजिस्टर फार तर ८ बाइटांवर लक्ष ठेवते. ४० बाइटांच्या स्ट्रक्चरला (अनेक व्हेरिएबलांच्या एकत्र गठ्ठ्याला) पाच रजिस्टर लागतील, म्हणून जीडीबी सॉफ्टवेअर वॉचपॉइंटकडे वळतो. तो एकेक आज्ञा चालवून किंमत तपासतो, अतिशय संथ असतो आणि एकाच थ्रेडपुरता भरवशाचा असतो. तेव्हा वॉचपॉइंट लावल्यावर उमटणाऱ्या ओळीत ‘हार्डवेअर’ हा शब्द आहे की नाही, हे आपल्या चाचणीने पुढे जाण्यापूर्वी तपासलेच पाहिजे.

याशिवाय वॉचपॉइंट काढून टाकल्यानंतरचीही चाचणी घ्यावी. एखाद्या थ्रेडच्या रजिस्टरात जुना पत्ता राहून गेला, तर पुढे केव्हातरी प्रोग्रॅम विनाकारण थांबेल. ते घडल्यास मात्र दोष निःसंकोच नोंदवावा, आणि नोंदीसोबत म्यूटेक्स असलेला प्रोग्रॅमच जोडावा.