हुरडा घरी का आणता येत नाही?

प्रिय चिऊ,

वहीच्या मागच्या पानावर तू दोन प्रश्न लिहून ठेवलेस. हुरडा म्हणजे ज्वारीचे पॉपकॉर्न का? आणि नाताळच्या सुट्टीत पुण्याला गेल्यावर त्यासाठी अख्खा दिवस शेतावर कशाला जायचं, आजोबा तो घरीच का नाही घेऊन येत?

पॉपकॉर्नसाठी दाणा पिकून वाळलेला लागतो. त्याच्या टणक सालाच्या आत थोडं पाणी राहिलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते, साल फुटतं आणि दाणा फुलून बाहेर येतो. ज्वारीचंही असं होतं, पण त्याला आपण लाह्या म्हणतो. नागपंचमीला असतात ना, त्याच. हुरड्याचा दाणा मात्र अजून हिरवा, कोवळा असतो. तो भाजला तरी फुटत नाही, मऊ होतो आणि गोड लागतो.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्या दाण्यातच आहे. ज्वारीच्या दाण्यात आधी पातळ दूध भरतं. ते हळूहळू खव्यासारखं घट्ट होतं आणि शेवटी त्याचं कोरडं पीठ होतं. कोवळेपणी दाण्यात साखर जास्त असते, पिकत जाईल तसा त्या साखरेचा स्टार्च होत जातो. हुरडा खायचा तो मधल्या, खव्याच्या दिवसांत. एका शेतात हे दिवस जेमतेम आठ-दहा असतात. कणीस कापलं की दाणा सुकायला लागतो, आणि भाजलेला हुरडा गार झाला की चिवट होतो. आजोबांनी डबा भरून आणला, तरी घरी पोचेपर्यंत त्यातली गंमत गेलेली असेल. म्हणून आपणच हुरड्याकडे जायचं.

आपल्या विचिटा शहराच्या बाहेर सप्टेंबरात दिसतं ते बुटकं, तांबूस कणसांचं पीक आठवतं? ती ज्वारीच. इथे तिला मायलो म्हणतात, आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी आपल्या कॅन्ससमध्येच पिकते. पण ती कंबरेएवढीच वाढणारी, यंत्राने कापायची, दाणा पार वाळल्यावर काढायची. तिचा हुरडा कोणी करत नाही. आपल्याकडची हिवाळ्यातली ज्वारी, म्हणजे शाळू, बाबांच्या डोक्याच्याही वर जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे पाऊस नसला तरी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते. ती ओल आटते तशा जमिनीला भेगा पडतात, त्यात तुझं अख्खं पाऊल जाईल. शेतात पळायचं नाही ते यासाठी.

भाकरीची ज्वारी वेगळी आणि हुरड्याची वेगळी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी नावाजलेली, त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हुरड्यासाठी मात्र शेतकरी बांधाकडेला दोन-चार ओळी गूळभेंडी, सुरती किंवा कुचकुची लावतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा हा वाण खास हुरड्यासाठी काढला. या वाणांचा दाणा गोड असतोच, पण माझ्या मते त्यांचा खरा गुण म्हणजे भाजून चोळल्यावर दाणा तुसातून चटकन सुटतो. मालदांडीचा तसा सुटत नाही, बोटं दुखतात आणि तोंडात तूस येतं.

आता दिवस कसा जाईल ते सांगते. सहाला उठून सातच्या आत निघायचं. भाजायच्या आगीजवळ बसायला सकाळचा गारवाच बरा, बारानंतर ऊन आणि विस्तव दोन्ही अंगावर येतात. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. तुझं ते लोकरीसारखं मऊ, कृत्रिम धाग्याचं फ्लीस जॅकेट नको. ज्वारीची कूस, म्हणजे कणसावरची बारीक लव, त्यात अडकून मान दिवसभर खाजते, आणि ठिणगी उडाली तर ते कापड वितळतं. पायात बंद बूट, कारण बांधावर सराट्याचे काटे असतात.

पोचल्यावर पहिलं काम कणसं निवडायचं. हे तुला करता येईल. शेतावरच्या काकांना आधी विचारायचं, "काका, हे तोडू का?" मग दाण्यात नख रुतवून बघायचं. पातळ दूध उडालं तर कणीस राहू द्यायचं, अजून चार दिवस हवेत. नख रुतलंच नाही तर ते पुढे गेलं, त्याची आता भाकरीच. घट्ट, पांढरा चीक आला की तोडायचं, वीतभर दांडा ठेवून. तुला तीन-चार कणसं पुरतील, मोठ्यांना आठ-दहा. एकदम सगळी कापायची नाहीत. एक घाणा भाजून होत आला की पुढची आणायची. गुडघ्याएवढी कोवळी रोपं कुठे दिसली तर ती मात्र चघळायची नाहीत. त्या वयाच्या ज्वारीत विष असतं, शेतकरी जनावरांनाही ती खाऊ देत नाहीत.

भाजायच्या खड्ड्याला आगटी म्हणतात. वीतभर खोल खड्डा, त्यात वाळलेल्या गोवऱ्या. पेटवल्यावर लगेच कणसं घालायची नाहीत. जाळ विझून, धूर थांबून, लाल निखारा आणि वर राखेचा पातळ थर दिसेपर्यंत वीसेक मिनिटं थांबायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. जाळावर धरलं की वरून करपतं आणि आत कच्चं राहतं, गोवरी ओली असली तर दाण्याला धुराचा वास लागतो. चार-पाच कणसं दांडे बाहेर ठेवून निखाऱ्यात खुपसायची आणि फिरवत राहायची. दोन-तीन मिनिटांत हिरवा रंग मंदावतो, खरपूस वास सुटतो, की काढायची. आणखी ठेवली तर दाणा सुकतो आणि तुसाला चिकटतो. खुपसणं आणि काढणं मोठ्यांचं काम. तू दोन हात लांब बसायचं, वारा पाठीकडून येईल असं.

गरम कणीस गोणपाटात धरून चोळतात, कुणी सरावाने नुसत्या तळहातावर. चोळणाऱ्याचे हात काळे होतात, त्यांना पाणी आणून द्यायचं. पाखडायचं काम तुझं. दाणे सुपात घ्यायचे, सूप थोडं तिरपं धरून हलकेच उडवायचं आणि फुंकर घालायची. तूस उडतं, दाणे राहतात. जोरात फुंकलंस तर समोरच्याच्या डोळ्यात जाईल, म्हणून समोर कोणी बसायचं नाही.

आणि लगेच खायचा! सगळ्यांसाठी ताट भरायची वाट बघायची नाही. ज्याच्या हातात आला त्याने तोंडात टाकायचा. सोबत शेंगदाण्याची, तिळाची, लसणाची चटणी, गूळ, ओलं खोबरं, दही. नगरकडे गोडी शेव आणि रेवड्याही असतात. लसणाची चटणी तुला झोंबेल, ती दह्यात कालवून घे. पहिल्यांदा दोनच मुठी, नीट चावून. कोवळा असला तरी कोंड्याचा दाणा आहे, सवय नसलेल्या पोटाला जड जातो. वर ताक प्यायचं.

त्याच विस्तवात वांगी पुरून ठेवतात, दुपारच्या भरितासाठी. हरभरा तयार असेल तर त्याचे डहाळे भाजतात, त्याला हुळा किंवा हावळा म्हणतात. बोरं खा, ऊस खा, पण जेवायला पिठलं-भाकरी आहे हे लक्षात ठेव. मधल्या वेळात माळ्यावर चढायला मिळेल. हुरड्याच्या दिवसांत पाखरांनाही हाच दाणा आवडतो, म्हणून शेतात उंच माळा बांधून राखण करतात. वरून हाळी घालायची, डबा वाजवायचा. कोणी गोफण फिरवत असेल तर त्याच्या मागेही उभं राहायचं नाही आणि बाजूलाही नाही, दगड कुठूनही सुटतो. माळ्यावरच बसून बघ.

उरलेला कच्चा हुरडा आजी घरी नेईल. दुसऱ्या दिवशी भरड वाटून, कांदा-मिरची आणि मूठभर बेसन घालून त्याची थालिपिठं करेल. बेसन नसेल तर ती तव्यावर तुटतात, ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो.

अमेरिकेत मात्र ताजं कणीस एकही आणता येणार नाही, विमानतळावर काढून घेतात. आपण शेतावर गेलो होतो हेही तिथे सांगावं लागतं, आणि बुटाला माती चालत नाही. म्हणून तुझे ते जुने निळे बूट बॅगेत घाल. निघायच्या आदल्या दिवशी अंगणातल्या नळाखाली जुन्या दात घासायच्या ब्रशने आपण त्यांचे तळवे घासू, भेगांतली काळी माती निघेपर्यंत.

तुझी,
आई