आई म्हणते, देव बरं करील

"मॅडम, आई उपचारांना तयार नाही. देव बरं करील म्हणते. तुम्ही तिला समजावा."

कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माणूस खुर्चीत बसायच्या आधीच ते येणार हे कळतं. आई नसली तर वडील असतात, नवरा असतो, बहीण असते. धर्म वेगवेगळे, पण घरातल्यांची कासाविशी तीच. म्हणून एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि त्यांचा धर्म कोणता हे मुद्दाम लिहीत नाही.

मुलगा एकटाच आला होता, काखेत फाइल. आईचं वय बासष्ट. उजव्या स्तनात गाठ, बायॉप्सीत कर्करोग निघालेला. आधी केमो, मग शस्त्रक्रिया असं डॉक्टरांनी सांगून तीन आठवडे उलटले होते. या तीन आठवड्यांत त्याने आईला डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवले, बऱ्या झालेल्या बायकांशी फोनवर बोलायला लावलं, आकडे सांगितले. आदल्या रात्री मात्र त्याचा तोल गेला. "देव असता तर तुला हे झालंच नसतं," असं तो बोलून बसला. आई काही बोलली नाही, उठून दुसऱ्या खोलीत गेली. तेव्हापासून दोघांत अबोला होता.

घाई करण्यासारखं कारण होतंच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेल्यांची तुलना उपचार घेतलेल्यांशी केली होती. स्तनाच्या कर्करोगात मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. मुलाच्या फाइलमध्ये त्या बातमीचं कात्रणही होतं. त्याचं चुकत नव्हतं, पण ज्या प्रश्नाला तो उत्तर देत होता, तो आईचा प्रश्नच नव्हता.

दोन दिवसांनी त्याची आई, म्हणजे माझ्यासाठी काकू, आल्या. उजव्या हातात जपमाळ होती. मी गाठीचं, केमोचं काहीच काढलं नाही. जप कधीपासून करता, लहानपणी कुणी शिकवला, असं आम्ही दोघी बोलत राहिलो. मग मी विचारलं, "काकू, हल्ली प्रार्थनेत काय मागता?"

मणी पुढे सरकवणारा अंगठा थांबला.

"बरं होणं नाही मागत," त्या म्हणाल्या. "क्षमा मागते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौदा वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण आजारी होती. तिने दोनदा निरोप पाठवला होता, ये म्हणून. दोघींत घरावरून भांडण झालेलं, या गेल्या नाहीत. बहीण गेली. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. आता स्वतःला गाठ निघाल्यावर त्यांच्या मनाने हिशेब जुळवला होता. "शिक्षा आहे ही. ती भोगायची सोडून औषध घेऊन पळ काढू का?"

म्हणजे 'देव बरं करील' हे त्यांच्या श्रद्धेचं वाक्य नव्हतंच. लोकांनी पुढे काही विचारू नये म्हणून लावलेली ती कडी होती. आणि मुलाने रागात जे म्हटलं, ते नेमकं त्याच जखमेवर बसलं होतं.

धर्म आणि आजारपण म्हटलं की आपण श्रद्धा मोजतो, किती आहे, जास्त आहे का. मी विचारते, देवाशी नातं सध्या कसं आहे? आधाराचं की भीतीचं? या दोहोंत रुग्णाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न किंवा त्याहून जास्त वयाच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. ते काम २००१ साली प्रसिद्ध झालं. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त आढळला, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. काकू तिथेच अडकल्या होत्या.

देव शिक्षा देतो की नाही, हे सांगणं माझं काम नाही आणि तसा माझा अधिकारही नाही. मी तेवढंच विचारलं, की याबद्दल कुणाचा शब्द तुम्हाला पटेल? त्यांनी एका वृद्ध धर्मोपदेशकांचं नाव घेतलं, ज्यांची प्रवचनं त्या वर्षानुवर्षं ऐकत होत्या. त्यांच्याशी मी काय बोलायचं आणि काय नाही, हे काकूंनीच ठरवलं. बहिणीची गोष्ट त्या स्वतः सांगणार होत्या. तास-दीड तास दोघं बसले. नंतर काकू मला एवढंच म्हणाल्या, "ते म्हणाले, क्षमा मागतेस आणि शिक्षाही स्वतःच ठरवतेस, मग त्याच्यासाठी ठेवलंस काय?"

इथे एक सांगायला हवं. प्रत्येक धर्मोपदेशक असा भेटत नाही. गोळ्या बंद करा, श्रद्धा ठेवा, असं सांगणारेही मी पाहिले आहेत, आणि त्याची किंमत रुग्णाने मोजलेली पाहिली आहे. म्हणून त्यांना बोलावण्याआधी मी त्यांच्याशी बोलून घेते.

मुलाला मी एकच काम दिलं, त्या रात्रीच्या वाक्याची माफी मागायची आणि पुढे उपचारांचा विषय काढायचा नाही. त्याला ते अवघड गेलं. "मग तिला समजणार कसं?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. पण त्याने ते केलं.

पुढच्या भेटीत काकूंनी सरळ विचारलं, "जपाने गाठ विरघळेल का?" अशा वेळी गोड बोलून वेळ मारून नेणं मला पटत नाही. मी त्यांना २००६ सालच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. हृदयाची बायपास झालेले १८०२ रुग्ण होते. त्यांतल्या काहींसाठी अनोळखी भक्तांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत फरक पडला नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच दिसली. "मग सोडून देऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही काकू. परक्यांच्या प्रार्थनेने टाके लवकर भरतात का, एवढंच त्यात तपासलं होतं. तुम्हाला जपाने रात्री झोप लागते, ते त्यात कुणी मोजलेलं नाही. गाठीसाठी केमो, आणि केमोच्या खुर्चीत बसायला जप.

त्यांनी होकार दिला, पण त्यांच्या अटींवर. उपास सोडणार नाही, ही पहिली अट. त्यावर डॉक्टरांशी नीट बसून बोलणं झालं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी कमी होतं. त्या काळात उपाशी राहणं धोक्याचं. उपदेशकांनीच उपासाच्या जागी जास्तीचा जप सुचवला. बहुतेक धर्मांत ही सोय आहेच. रोज्यातून आजाऱ्याला खुद्द कुराणात सूट आहे, यहुदी धर्मात जीव वाचवणं जवळपास सगळ्या नियमांच्या वर मानतात, कॅथलिक चर्चही आजारी माणसाला उपासाची सक्ती करत नाही. पवित्र पाण्याचंही तसंच झालं. डॉक्टर म्हणाले, पिऊ नका, कपाळाला लावा. काकूंना ते चाललं. शेवटची अट, सुई डाव्या हाताला हवी, उजव्यात माळ असते. गाठ उजवीकडे असल्यामुळे नर्सही डावाच हात धरणार होत्या.

रुग्णाला नेमकं काय नको आहे, हे विचारायचं राहून जातं. 'औषध नको' म्हणणाऱ्या एका गृहस्थांना फक्त जिलेटिनची कॅप्सूल नको होती, कारण ते जनावरापासून बनतं. त्याच औषधाची गोळी त्यांनी घेतली. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक रक्त घेत नाहीत, पण अल्ब्युमिन या प्रथिनासारखे रक्तातले घटक घ्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. विचारल्याशिवाय हे कळणार कसं?

सगळं समजून, शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाने 'नको' म्हटलं तर तो त्याचा अधिकार आहे, मला कितीही वाईट वाटलं तरी. तेव्हा वेदना कमी करणं आणि सोबत राहणं एवढं तरी हातात असतं. मूल असेल तर मात्र मी थांबत नाही. अमेरिकेत १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणाने उपचार न मिळाल्यामुळे दगावलेल्या १७२ मुलांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १४० मुलांना असे आजार होते, ज्यांत उपचारांनी जगण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त असते. मुलाने अजून स्वतःचा धर्म निवडलेला नसतो. तिथे मी डॉक्टरांना आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्यांना लगेच कळवते, आणि आईवडिलांना तसं तोंडावर सांगून कळवते.

काकूंच्या चार केमो झाल्या आणि औषध बदललं, दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. पाचव्या आठवड्यात नर्सने नेहमीप्रमाणे विचारलं, काही त्रास? काकू नाही म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटल्या, "माळ मात्र चुकते हल्ली. मणी लागतच नाहीत बोटांना."

नर्सने लगेच डॉक्टरांना बोलावलं. त्या औषधाने नसांवर परिणाम होतो, बोटांची टोकं बधिर होतात. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून एकेक बोट तपासलं, ब्लाऊजची बटणं लावता येतात का विचारलं, आणि डोस कमी केला. "आधी का नाही सांगितलं?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच लक्ष लागत नाही."

पुढच्या आठवड्यात मुलगा आला तेव्हा त्याच्या खिशात नवी माळ होती. लाकडाचे बोराएवढे मणी, दर दहा मण्यांनंतर त्याने स्वतः मारलेली जाड गाठ. सलाईन सुरू झाल्यावर त्याने ती आईच्या उजव्या हातात दिली, आणि पहिली गाठ तिच्या अंगठ्याखाली येईपर्यंत तो तिचा हात धरून होता.