फक्त स्क्रीनसमोर बसायचं का?

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. पायलट नाही होता आलं तर हवाई दलात जाऊन करू काय, फक्त स्क्रीनसमोर बसायचं का, असं विचारलंयस. मी उभी नोकरी स्क्रीनसमोरच काढली, त्यामुळे जरा लागलं, पण असो.

आधी वहीत एक हिशोब कर. २० मीटर उंच टॉवरवर रडार आहे, शत्रूचं विमान १०० मीटरवरून येतंय, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ते साधारण ६० किलोमीटरवर येईपर्यंत दिसतच नाही. तेच रडार विमानावर बसवून ९ किलोमीटर वर न्या, आकडा ४३० च्या आसपास जातो (तेवढी ताकद रडारमध्ये हवी, हे ओघाने आलंच). एवढ्याचसाठी रडार विमानाच्या पाठीवर चढवायचा हा सगळा खटाटोप. वरून बघताना मात्र खालची जमीनसुद्धा परत ओरडते, त्या क्लटरमधून, म्हणजे नको असलेल्या प्रतिध्वनींच्या गोंगाटातून, टार्गेट वेगळं काढायचं तर डॉप्लर आला (हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता बदलते, तो परिणाम), तो घासून घे.

आपल्याकडे अशी मोठी रडार विमानं, फाल्कन, तीनच, इल्युशिन या मोठ्या रशियन मालवाहू विमानाच्या पाठीवर इस्रायली रडार, पहिलं २००९ ला आलं. पाठीवरचा रडारचा घुमट फिरत नाही बरं का, आत तीन दिशांना तोंड केलेले तीन अँटेना आहेत, फिरतो तो बीम. दुसरं रडार विमान नेत्र, २०१७ ला मिळालं, डीआरडीओचं, छोट्या एम्ब्रेयर जेटवर, पाठीवर लांब पट्टी, दोन्ही बाजू मिळून २४० अंश. म्हणजे नाकासमोर आणि शेपटीमागे आंधळं, मग कुठे कसं वळायचं, वळताना कुठली दिशा उघडी पडेल, हे आधीच डोक्यात ठेवायला लागतं.

आणि नवं रडार आणलं, बसवलं, झालं, असं आधुनिकीकरण नसतं. जानेवारी १९९९ मध्ये तमिळनाडूत अरक्कोणमजवळ चाचणीच्या ॲवरो विमानाच्या पाठीवरचा रडारचा घुमट हवेत सुटला, विमान पडलं, आठ जण गेले, त्यात शास्त्रज्ञही होते, आणि तो प्रकल्प तिथेच थांबला. पाठीवर काहीही चढवलं की वजन बदलतं, शेपटीवरचा वारा बदलतो, वीज आणि कूलिंग कमी पडायला लागतं. आता एअरबसच्या ए-३२१ वर सहा मोठी रडार विमानं करायची मंजुरी २०२१ ला मिळालीय आणि लोक विचारतात एवढा वेळ का लागतो. लागू दे की!

राहिली तुझी खुर्ची. फेब्रुवारी २०१९ मध्ये, बालाकोटनंतरच्या हवाई चकमकीत, आपल्या पायलटांना दिशा देणारी फायटर कंट्रोलर मिंटी अग्रवाल जमिनीवरच बसली होती, युद्ध सेवा मेडल मिळवणारी ती पहिली महिला. पायलटला त्याच्यापुरतं दिसतं, तुला सगळ्यांचं दिसतं, आणि तुझा एक चुकीचा आकडा त्याला भोवतो.

तो हिशोब टार्गेट ५०० मीटरवर धरून परत कर आणि पाठव. उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या गाळू नकोस.