राजीनामा देऊन सीईटीचा अभ्यास? आधी वडिलांचा मेडिक्लेम बघा

पत्र पुण्याहून आलंय. वय २९, एका कंपनीच्या बॅक ऑफिसात चार वर्षं चार महिने नोकरी, हातात पगार ५२ हजार. घरी आई-वडील आणि धाकटा भाऊ. तीन वर्षांच्या एलएलबीची राज्याची सीईटी यंदा दिली, हव्या त्या कॉलेजात नंबर लागला नाही, म्हणून पुन्हा द्यायची आहे. त्या लिहितात:

"सप्टेंबरअखेर राजीनामा देऊन सात महिने पूर्ण वेळ अभ्यास करू, की नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास? महिन्याला माझे ३५ हजार खर्च होतात, त्यातले २२ घरात देते. ३ लाख २० हजारांची एफडी आहे, ती मोडली तर भागेल असं वाटतं. ७५ हजारांचा रिपीटर कोर्स नो-कॉस्ट ईएमआयवर घेणार आहे. एक पॉलिसी आहे, तिचे तीन हप्ते भरलेत, लागले तर ते पैसे काढता येतील. (वडिलांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, पण ती कंपनीच्या मेडिक्लेममधून झाली, त्यामुळे बचतीला हात लागला नाही.)"

परीक्षा जरूर पुन्हा द्या, राजीनामा मात्र देऊ नका. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर एवढंच आहे, आणि ते तासांच्या हिशेबातच मिळतं. ऑक्टोबर ते एप्रिल म्हणजे साधारण ३० आठवडे. नोकरी करून कामाच्या दिवशी दीड तास आणि शनिवार-रविवार चार-चार तास बसलात तर आठवड्याचे १५ तास होतात. दिवाळी, आजारपण, ऑफिसचं महिनाअखेरीचं काम धरून एकूण ४०० तास पदरात पडतील. परीक्षेआधी साठवलेली रजा आणि थोडी बिनपगारी रजा मिळून तीन आठवडे घेतलेत की आणखी १००. नोकरी सोडलीत तर? कागदावर रोज आठ तास होतील, खरे पाच. तेही सगळे धरले तर ९०० तास. म्हणजे राजीनाम्याने तुम्ही ४०० तास विकत घेताय आणि त्यासाठी सात महिन्यांचा पगार, सुमारे ३ लाख ६५ हजार, सोडताय. तासाला ९०० रुपये झाले. दोन तासांचा पेपर, उणे गुण नाहीत, पदवीनंतरची परीक्षा, आणि एकदा देऊन झाल्यामुळे कुठे कमी पडलो हे तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजी आणि तर्क बरे गेले, कायद्याची अभियोग्यता आणि सामान्य ज्ञान यांत मार खाल्ला, असं तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय. चालू घडामोडी तर रोज अर्धा तास वाचूनच डोक्यात राहतात, एका दिवसात आठ तास वाचून नाही.

आता तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्याकडे येतो. वडील ६३ वर्षांचे, हृदयात स्टेंट, आई ५८ वर्षांची. दोघांचं विमाछत्र म्हणजे तुमचं नोकरीचं ओळखपत्र. साधारणपणे कामाच्या शेवटच्या दिवशी ग्रुप मेडिक्लेम संपतो आणि त्याबरोबर आईवडिलांचाही. ऑक्टोबरात वडिलांना पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं तर बिल थेट तुमच्या एफडीवर येईल. एका अँजिओप्लास्टीचं खासगी रुग्णालयातलं बिल दोन-तीन लाखांपर्यंत सहज जातं. मग सात महिन्यांचा अभ्यास पहिल्याच आठवड्यात संपला समजा.

"तेव्हा घेऊ वेगळी पॉलिसी" असं म्हणू नका. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लावू शकते. २०२४ पर्यंत ही मर्यादा चार वर्षांची होती, आता तीन आहे. म्हणजे नोकरी सोडून पॉलिसी घेतलीत तर एलएलबी संपत येईपर्यंत वडिलांच्या हृदयाचा खर्च त्यात बसणारच नाही, कदाचित.

त्यामुळे पॉलिसी आत्ता घ्यायची, नोकरीत असताना. प्रतीक्षेचा काळ सरत राहील आणि मधल्या काळात काही झालं तर ग्रुप मेडिक्लेम आहेच. दुसरा रस्ताही आहे: कंपनीचा ग्रुप विमा ज्या विमा कंपनीचा आहे, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत आईवडिलांना हलवण्याचा. त्यात ग्रुपमध्ये काढलेला काळ प्रतीक्षेत धरला जातो. पण विमा कंपनी वडिलांची फाइल बघून प्रीमियम चढवू शकते, नाहीही म्हणू शकते. ते उत्तर पगार चालू असताना ऐकलेलं बरं. दोघांचं मिळून ५ लाखांच्या विम्याला वर्षाला ५५ हजार धरून चाला, स्टेंटमुळे जास्तही सांगतील. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढा दिलासा. प्रस्तावाच्या अर्जात अँजिओप्लास्टीची तारीख, स्टेंटची संख्या, चालू गोळ्या सगळं लिहा. एजंट "लिहू नका, क्लेम होतो" म्हणाला तर एजंट बदला. शिवाय घरच्या रेशन कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळतो का आणि जवळचं कोणतं रुग्णालय त्या योजनेत आहे, हे एका फेरीत विचारून ठेवा. तो दुसरा आधार आहे, पहिला नाही.

तुमचे "सात महिने"ही सात नाहीत. ही सीईटी २०२४ साली मार्च महिन्यात झाली आणि २०२५ साली मे महिन्यात. तारीख सीईटी सेल ठरवतो, तुमची एफडी बघून नाही. परीक्षेनंतर निकाल, मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या, त्या लांबत जातात, मग कुठे वर्ग. राजीनाम्यापासून कॉलेजच्या पहिल्या दिवसापर्यंत वर्ष धरा. ३५ हजारांप्रमाणे वर्षाचे ४ लाख २० हजार, वर मेडिक्लेम ५५ हजार, वर कोर्स ७५ हजार. साडेपाच लाख झाले. तुमच्याकडे ३ लाख २० हजार आहेत. कॉलेजचं तोंड बघण्याआधी एफडी संपते आणि दोन लाख कमी पडतात. हे गणित पत्र लिहिण्याआधी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर करता आलं असतं.

तुम्ही लिहिली नाहीत अशी आणखी एक गोष्ट म्हणजे ग्रॅच्युइटी, पाच वर्षं पुरी केली की नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम. तुम्हाला पाच वर्षांना आठ महिने कमी आहेत. बेसिक म्हणजे मूळ पगार २६ हजार असेल तर वर्षाला १५ हजार, पाच वर्षांचे ७५ हजार. चार वर्षं आणि २४० दिवस पुरतात असे काही न्यायालयीन निर्णय लोक दाखवतात. तुम्ही वकील झालात की त्यावर भांडा, सध्या पाच वर्षं पुरी करा. पीएफही पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र होतो. परीक्षेपर्यंत नोकरीत राहिलात तर हे दोन्ही प्रश्न आपोआप सुटतात.

आता खरा मोठा खड्डा. तुम्ही सात महिन्यांची चिंता करताय, पण एलएलबी तीन वर्षांची आहे. पत्रात एक ओळ आहे: "अ‍ॅडमिशन झाली की दुसरी नोकरी बघून कॉलेज करीन." कोणी सांगितलं हे? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी आहे, आणि २०२४ मध्ये कौन्सिलने कॉलेजांना विद्यार्थ्यांकडून नोकरीबद्दल घोषणापत्र घ्यायलाही सांगितलंय. "आमच्या कॉलेजात चालतं" म्हणणारे भेटतील. त्यांच्या शब्दावर घरखर्च ठरवू नका. पुढे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली की पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, वकिलांच्या आचारनियमांत ते स्पष्ट आहे. सनद स्वस्त आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानंतर खुल्या गटाला नोंदणी शुल्क ७५० रुपये. महाग पडतात ती वर्षं. ज्युनियरला शहरात महिना किमान २० हजार द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिलने २०२४ मध्ये केली, ती शिफारसच आहे. त्यामुळे "तीन वर्षांनी पन्नास-साठ हजार तरी सुरू होतील" हा तुमचा अंदाज खोडून टाका. पहिली दोन वर्षं १५ ते २० हजार धरा. जास्त मिळाले तर चांगलंच.

मग हे जमायचं कसं? वर्षभर नोकरीत राहिलात तर महिन्याचे १७ हजार उरतात, वर्षाचे दोन लाख. त्यातून आईवडिलांचा मेडिक्लेम ५५ हजार आणि तुमचा स्वतःचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, दहा हजारांच्या आसपास. टर्म प्लॅनसुद्धा आत्ताच, कारण विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते आणि विद्यार्थिनीकडे तो नसतो. उरले १ लाख ३५ हजार. एफडी, ग्रॅच्युइटी मिळून कॉलेजच्या दारात तुम्ही सव्वापाच-साडेपाच लाख घेऊन उभ्या राहाल, कर्ज शून्य. तीन वर्षांचा खर्च आजच्याच दराने १२ लाख ६० हजार आणि विम्याचे दोन लाख. नऊ लाखांची तूट, फी धरली नाही. फीसाठी शैक्षणिक कर्ज मिळेल, पण बँक घरात द्यायचे २२ हजार देणार नाही. अनुदानित कॉलेज मिळालं तर फी तुमचा प्रश्नच राहत नाही. खासगीत वर्षाला लाख-दीड लाख लागत असतील तर कॉलेजचं नाव नव्हे, आधी फीचा तक्ता बघा.

ही तूट भरायला घरात माणूस आहे. भावाला जूनपासून २८ हजारांची नोकरी लागली आणि "त्याच्यावर इतक्यात भार टाकायचा नाही" असं तुम्ही लिहिता. का नाही? तुम्ही पंचविसाव्या वर्षापासून घर चालवताय, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून त्याने १२ हजार घरात द्यावेत. नोकरीचं हे वर्ष आणि कॉलेजची तीन, अशा चार वर्षांत पावणेसहा लाख होतात. तुमचा स्वतःचा खर्च १३ हजारांवरून आठवर आणलात तर तीन वर्षांत आणखी पावणेदोन लाख. राहिले दीड-दोन लाख. ते शिकवण्या, मसुदे लिहिणं, पीएफमधले पैसे यांतून निघतील. हात घट्ट राहील, पण निघेल. भाऊ नाही म्हणाला तर एक वर्ष आणखी नोकरी करा आणि परीक्षा त्यानंतर द्या. ३० व्या वर्षी प्रवेश घेतला काय नि ३१ व्या, तीन वर्षांच्या एलएलबीला त्याने फरक पडत नाही.

कोर्सबद्दल थोडक्यात. ७५ हजार नऊ हप्त्यांत "बिनव्याजी", आणि एकरकमी भरले तर ८ हजार सूट. ती सूट म्हणजेच व्याज. ६७ हजारांच्या वस्तूवर नऊ महिन्यांत ८ हजार म्हणजे वर्षाला २५ टक्क्यांच्या वर. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. शिवाय ते कर्ज एखाद्या वित्त कंपनीचं असतं. क्लास बंद पडला किंवा तुम्ही सोडला तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जातो. दोन विषयांसाठी एवढा मोठा क्लास नको. चांगली सराव परीक्षांची मालिका आणि मागच्या प्रश्नपत्रिका तीन-चार हजारांत होतील.

राहिली पॉलिसी. तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला: वर्षाला एक लाख, दहा वर्षं हप्ते, विमा फक्त दहा लाखांचा. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने "तीन वर्षांनी हवे तेव्हा काढा" सांगितलं म्हणता. त्याने जे सांगितलं नाही ते असं: अशा हमीच्या पारंपरिक पॉलिसीत तिसऱ्या वर्षी हमीचं समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारी किमान रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के असतं. तीन लाख भरले, हातात एक लाख पाच हजार. चौथा भरलात तर ५० टक्के, म्हणजे चार लाखांचे दोन लाख. नुकसान दोन्हीकडे दोन लाखांच्या घरात, फक्त चौथ्या हप्त्यात तुमचे आणखी एक लाख अडकतात. हे बचत खात्याच्या काउंटरवर बसून मुलींना विकतात, आणि मग त्यांना तो पैसा "लागला तर काढता येईल" वाटतो.

चौथा हप्ता भरू नका, पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून ती कमी रकमेवर मुदतीपर्यंत चालू ठेवा. आज मोडून लाखभर घेण्यापेक्षा कमी झालेली रक्कम मुदतीला मिळालेली बरी, कारण आत्ता तुम्हाला त्या लाखाची गरज नाही, पगार चालू आहे. तरी विमा कंपनीला ईमेल करून आजचं विशेष समर्पण मूल्य (मोडल्यास कंपनी प्रत्यक्षात देऊ करते ती रक्कम) आणि पेड-अप रक्कम दोन्ही आकडे लेखी मागवा. कधीकधी विशेष मूल्य हमीच्या मूल्यापेक्षा बरंच जास्त निघतं, तसं असेल तर मला कळवा, मग सल्ला बदलेल. तुमचा पुढचा हप्ता नोव्हेंबरात आहे आणि तो खात्यातून आपोआप कापला जातो. मॅन्डेट, म्हणजे ही आपोआप कपातीची परवानगी, बंद करण्याचा अर्ज ऑक्टोबरातच बँकेत द्या, पोच घ्या, आणि त्या मॅनेजरचा "मॅडम, एकदा भेटून बोलू" असा फोन आला तर जाऊ नका.