गाण्याचा अर्थ येतो, रसग्रहण अडतं

प्रश्न: ताई, मुलगी नववीत आहे, उतारे छान सोडवते पण बहिणाबाईंचं 'मन वढाय वढाय' दिलं की नुसता अर्थ लिहून मोकळी होते, मार्क जातात. काय करू?

उत्तर: अहो, अर्थ कळतोय म्हणजे पाया पक्का आहे, आता फक्त 'कसं सांगितलंय' हे बघायला शिकवा. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर' हे आधी दोनतीनदा मोठ्याने म्हणायला लावा, ढोर-पिकावर हे यमक आणि 'हाकला हाकला' ही पुनरुक्ती कानालाच सापडते, मग विचारा की हाकलूनही ढोर परत का येतं? पिकाची चटक लागलीय म्हणून! मनाचंही तेच, हे ती स्वतः बोलली की रसग्रहण सुरू झालंच. इथे मन हेच ढोर म्हणून रूपक, पुढच्या कडव्यात 'जशा वाऱ्यानं चालल्या' येतं तिथे 'जशा' आहे म्हणून ती उपमा, तो फरक दाखवा. बहिणाबाई (१८८०–१९५१) खानदेशातल्या, शेतात राबणाऱ्या, लिहिणं-वाचणं न शिकलेल्या, म्हणून प्रतिमाही शेतातली, हे एक वाक्य उत्तरात हवंच. आणि प्लीज, गाईडमधलं तयार रसग्रहण पाठ करायला लावू नका, कुठली ओळ आवडली न का आवडली हे तिच्याच भाषेत येऊ दे.